डाव्या कोपऱ्यातली फाइल

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी कॉम्प्युटर बिघडवलेला नाही. समितीच्या बैठकीत अध्यक्ष वना आबांनी 'तोतारामभाऊंच्या हातून कॉम्प्युटर बिघडला' असं इतिवृत्तात लिहायला लावलं, त्याला माझा तेव्हाही आक्षेप होता आणि आजही आहे. कॉम्प्युटर सुधारला. चांगला ठणठणीत सुधारला. पुढचं सगळं त्या सुधारण्यामुळे झालं.

मी जळगावात राहतो. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. पण निवृत्ती शाळेपुरतीच. आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीचं काम बावीस वर्षांपासून माझ्याच गळ्यात आहे. वर्षातून एकदा परिचय मेळावा होतो, त्याआधी पुस्तिका छापायची असते, आणि उरलेलं वर्ष लोक फोनवर 'भाऊ, आमच्या पोरीचं तेवढं बघा' म्हणत असतात. भुसावळपासून धुळ्यापर्यंत ज्या ज्या घरात लग्नाचं पोर आहे, त्या घरात माझा नंबर भिंतीवर लिहिलेला सापडेल. बहुतेक ठिकाणी गॅसवाल्याच्या नंबराखाली.

आता माझी पद्धत समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. अकरा वर्षांपूर्वी जुन्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि एका रात्रीत साठ मुली आणि सत्तर मुलगे खाऊन गेला, तेव्हा माझ्या मुलीने, दिपमालाने, हे लिनक्स घालून दिलं. फुकट असतं आणि व्हायरस लागत नाही, एवढं मला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. प्रत्येक स्थळाची एक फाइल. सगळ्या फाइली समोरच्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, मांडलेल्या. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, लग्नाच्या मांडवात बसवतात तसे. मध्ये मोकळी जागा. ज्यांची बोलणी चालू आहेत ते त्या मोकळ्या जागेत, जोडीजोडीने. पत्रिका जुळली असेल तर दोन फाइली एकमेकींना चिकटून; 'घरात विचारून कळवतो' असं असेल तर मध्ये बोटभर अंतर; आणि दुसरीकडेही बघणं चालू आहे असा संशय असेल तर मुलाची फाइल जरा तिरपी. उजवीकडे खाली, कचऱ्याच्या डब्याशेजारी, 'सध्या विचार नाही' म्हणणारे. एकूण दोनशे चौदा फाइली, आणि कोणती कुठे हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

फाइलींची नावं मी वडिलांच्या नावाने ठेवतो. वडिलांचं नाव, कंसात गाव. मुलीच्या नावाने स्थळ ओळखायची आपल्याकडे पद्धतच नाही. कोणाची पोर, कोणत्या गावची, एवढं कळलं की समोरचा मान हलवतो. आत मुलगा आहे की मुलगी हेही मी नावात लिहायचो नाही. कशाला लिहायचं? बाजू बघितली की कळत होतं.

आणि वर, अगदी डाव्या कोपऱ्यात, एक फाइल एकटी. 'तोताराम (घरचे)'.

ती आमच्या दिपमालाची. ती धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवते, तेहतीस वर्षांची आहे, खोली घेऊन राहते. चार वर्षांपूर्वी मी उत्साहाच्या भरात तिचा कागद एका दमात अकरा ठिकाणी पाठवला होता. त्यातल्या एका घरचे लोक आमच्याकडे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाची मावशी तिला म्हणाली, जरा दारापर्यंत चालून दाखव. ती दारापर्यंत चालली, चपला घातल्या, आणि तशीच स्टॅंडवर जाऊन धुळ्याच्या गाडीत बसली. त्यानंतर तिने माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. "बाबा, मला विचारल्याशिवाय माझा कागद यापुढे कोणालाही जाणार नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. तेव्हापासून ती फाइल कोपऱ्यात. सकाळी कॉम्प्युटर लावला की माझा हात आधी तिथे जातो. फाइल उघडत नाही. बाण तिथपर्यंत नेतो, आहे ना ते बघतो, आणि मग कामाला लागतो.

तर अकरा वर्षं हे सगळं सुरळीत चाललं होतं. रोज सकाळी एक चौकोन यायचा, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे', आणि मी रोज 'नंतर' म्हणायचो. अकरा वर्षं मी त्याला 'नंतर' म्हटलं आणि त्यानेही कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण यंदा व्हॉट्सअप कॉम्प्युटरवर उघडेना. तुमचं सगळं फार जुनं झालंय, असं तोंडावर सांगू लागलं. मेळावा तीन आठवड्यांवर आला होता आणि स्थळं तर त्यावरूनच पाठवायची असतात.

शेजारचे रतिलाल तेव्हा माझ्याच खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे होते. ते रेल्वेत होते, भुसावळला, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला जगातल्या कोणत्याही यंत्रावर मत असतंच. "फुकट देऊन राहिले ना ते? मग घ्या ना भो. नवं इंजिन फुकट मिळत असताना जुनं कशाला पळवता?"

"दिपमाला म्हणाली होती, मला विचारल्याशिवाय काही दाबू नका," मी म्हणालो.

"पोरीला विचारून सही करता का तुम्ही?" रतिलाल म्हणाले.

आता असं कोणी म्हटल्यावर माणूस काय करेल? मी दाबलं.

मंगळवारी दाबलं, ते गुरुवारी संपलं. मध्ये दोनदा लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर मी आणि रतिलाल पंखा बंद करून बसलो, कॉम्प्युटरला पुरावी म्हणून. आमची मंदा म्हणाली, माझ्या बाळंतपणाला तुम्ही एवढे बसला नव्हता. गुरुवारी दुपारी पडदा उजळला. एक निळा डोंगर दिसला. फार सुंदर डोंगर होता. आणि त्या डोंगरावर एकही माणूस नव्हता.

माझे दोनशे चौदा! एक नाही! डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कचऱ्याच्या डब्याशेजारी नाही, आणि कचऱ्याचा डबाही नाही. खालची पट्टीसुद्धा गेलेली, ज्यावर मी उघडलेल्या गोष्टी ठेवायचो. वर एक काळी रेघ आणि मधोमध घड्याळ, बस. माझा हात सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला. बाण कोपऱ्याला टेकला मात्र, आणि पडद्यावर होतं नव्हतं ते सगळं बारीक होऊन, डोंगरासकट, मागे पळालं.

"अहो, हे काय केलं?" मंदा ओरडली.

"मी काही नाही केलं, मी फक्त बघायला गेलो!"

बाण खाली आणला, सगळं परत मोठं झालं. पुन्हा नेला, पुन्हा पळालं. रतिलालांनी तीनदा करून बघितलं, मग आपला निर्णय दिला. "त्या कोपऱ्यात हात नाही न्यायचा. तिथे सिग्नल लाल आहे असं समजा." मंदाने आपल्या पाकिटातली एक टिकली काढून पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवली, माझ्या लक्षात राहावं म्हणून. लक्षात काय राहतंय! दिवसातून वीस वेळा हात टिकलीखाली जायचा आणि वीस वेळा सगळं पळायचं.

फाइली हरवल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. शुक्रवारी त्या सापडल्या. एका कपाटात, म्हणजे फोल्डरमध्ये, सगळ्या एकाखाली एक. बाराखडीने! अरे, बाराखडीने कोणी लग्नं जुळवतं का? कोणाचा मुलगा कोणाच्या मुलीच्या डोक्यावर बसलेला, दोन सख्खे व्याही होऊ घातलेले 'क' आणि 'स' मध्ये शंभर फाइलींच्या अंतरावर, आणि फारकतीपर्यंत गेलेली दोन घरं शेजारीशेजारी. प्रत्येक फाइलीचं तेच ते पांढरं पान. त्यात नाव एका शब्दाहून लांब असलं की पुढचं कापून तीन ठिपके. मुलगा की मुलगी, ते उघडून बघितल्याशिवाय कळेना, आणि उघडलं की ती पूर्ण पडदा व्यापून बसे आणि बाजूला ठेवायचं बटणच नाही. जुन्यात होतं ते. एक लहानशी वजाबाकीची खूण. ती खूण कोणाच्या डोळ्यांत सलली होती, देव जाणे.

पण खरा घाला मधल्या जागेवर होता. बोलणी चालू असलेल्या एकतीस जोड्या! कोण कोणाशी, कुठवर आलंय, चिकटलेत की बोटभर अंतर आहे, हे मी कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते जागेत होतं. जागाच गेली.

समितीची तातडीची बैठक आमच्याच ओसरीत झाली. वना आबांचं वय ऐंशी, आवाज चाळीस. "लिनक्सचं हापिस कुठे आहे? मुंबईला की पुण्याला?"

"आबा, त्याला ऑफिस नसतं."

"मग मालकाला फोन लावा."

"मालक पण नसतो. जगभरातले लोक मिळून करतात, फुकट."

आबांनी चष्मा काढला. "म्हणजे बिनमालकाच्या जागेवर तुम्ही समाजाची दोनशे पोरं बसवली?"

मग रीतसर ठराव झाला, सूचक-अनुमोदकासह, की 'पूर्वीचा डेस्कटॉप पूर्ववत करण्याबाबत संबंधितांशी पत्रव्यवहार करावा'. मी पत्र लिहिलं. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय, डेस्कटॉपवरील मांडणी विनासूचना काढून टाकल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. सोबत ठरावाची प्रत जोडली. रतिलालांनी मोबाइलमधून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि तक्रारी घेतात त्या जागी टाकलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आपल्याकडे तहसीलला तीन महिन्यांत येत नाही. कोणा परदेशी गृहस्थाने फार नम्रपणे लिहिलं होतं. डेस्कटॉपवर फाइली पसरल्याने लोकांचा गोंधळ होतो असं त्यांच्या अभ्यासात दिसलं, म्हणून ती सोय विचारपूर्वक काढली आहे. काही आठवड्यांत मला सवय होईल. आणि काही हवं असल्यास ठेवलेलं कुठे आहे ते आठवू नये, नुसतं टाइप करून शोधावं.

कोणाचा गोंधळ होत होता हो? माझा होत नव्हता! मला त्या अभ्यासात कोणी विचारायला आलं नाही, भुसावळला नाही, चाळीसगावला नाही. आणि टाइप करून शोधावं म्हणे. मी केलं. 'शांत स्वभाव, सासूशी पटवून घेणारी' असं टाइप केलं. थोडा वेळ विचार करून त्याने मला जळगावचं तापमान दाखवलं. बेचाळीस.

आता उपाय एकच उरला होता. घरोघर फोन करून, अंदाज घेऊन, जोड्या परत जुळवायच्या. पण सरळ विचारता येत नाही. 'तुमच्या मुलाची बोलणी कोणाशी चालू आहेत?' असं मध्यस्थानेच विचारलं तर त्याची उरलीसुरली अब्रू काय राहील? तेव्हा मी आडून आडून सुरुवात केली. पहिला फोन भुसावळच्या धुरपदाबाईंना. त्यांचा मुलगा दीपक माझ्या आठवणीप्रमाणे चिकटलेल्यांत होता.

"काय अक्का, मग? पुढचं कसं काय?"

"पुढचं म्हणजे? त्यांच्याकडून काही निरोप आला का?"

"नाही नाही. सहज केला फोन."

"भाऊ, तुम्ही बावीस वर्षांत सहज फोन केलेला नाही. नकार आला असेल तर तोंडावर सांगा."

"नकार नाही हो. उलट... म्हणजे... त्या लोकांचं तुमच्याबद्दल चांगलंच मत आहे."

"कोणत्या लोकांचं?"

तेच तर मला हवं होतं! पण मी 'लाइन नीट येत नाही' म्हणून फोन ठेवला. धुरपदाबाईंनी लगेच मुलीकडच्यांना फोन करून विचारलं की तुमच्या मनात काय आहे ते स्पष्ट सांगा. मुलीकडच्यांना वाटलं, या मागे सरताहेत. त्यांनी आधीच नको म्हणून टाकलं, आपली मान खाली जायला नको म्हणून. असे मी दोन दिवसांत सव्वीस फोन केले. शनिवारपर्यंत जमत आलेल्या चार जोड्या तुटल्या होत्या, ज्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती अशा दोन घरांनी साखरपुड्याची तारीख मागितली होती, आणि चाळीसगावला एका मुलाचं आधीच लग्न झालेलं आहे अशी आवई उठली होती. तो पोरगा बिचारा मला फोन करून विचारत होता की माझं लग्न कोणाशी झालं.

एकच स्थळ मला अगदी पक्कं आठवत होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. सोनगीरचे बन्सीलाल. त्यांचा मुलगा नवल एसटीच्या धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये आहे, छत्तीसचा, शांत. पाच वर्षं कचऱ्याच्या डब्याशेजारी बसून होता, 'विचार नाही' म्हणत. महिन्यापूर्वी बन्सीलालांनी त्याला कसंबसं राजी केलं आणि मी त्याच्यासाठी चाळीसगावच्या तोतारामांची मुलगी काढून ठेवली होती. माझ्याच नावाचे गृहस्थ आहेत ते, कापसाचे व्यापारी. म्हटलं, निदान हे एक काम तरी धड होईल. रविवारी सकाळी व्हॉट्सअपवर मजकूर लिहिला, 'चाळीसगावचे तोताराम यांची कन्या, अनुरूप स्थळ, कळवावे', फाइलींची यादी उघडली, 'त' वर गेलो, 'तोताराम' आणि पुढे तीन ठिपके दिसले, पाठवली. आणि समाधानाने कळण्याची भाकरी खाऊन झोपलो.

मंगळवारी सकाळी बन्सीलालांचा फोन आला.

"तोतारामभाऊ! तुमनीच पोर शे, आन् आमले सांगतसही नई! आम्ही कोठून मागाले येणार होतूत?"

"माझी पोर?"

"मन्हा नवल कालदिन धुळाले जाई उना ना. तिले भेटी उना. काही बोलना नई, पण पोऱ्या हासत हासत घर उना भाऊ! पाच वरीसमा मी त्याले हासताना देखा नई. बठ्ठं घर राजी शे."

नवल काल दिपमालाला भेटून हसत घरी आला होता आणि त्यांचं सगळं घर राजी होतं! कॉम्प्युटरपाशी धावलो. यादी उघडली. 'तोताराम' आणि तीन ठिपके. त्याखाली, अगदी खेटून, आणखी एक 'तोताराम' आणि तीन ठिपके. जुन्या पडद्यावर या दोघांत पूर्ण मांडव होता हो! एक वर कोपऱ्यात, दुसरी डावीकडे पाचव्या ओळीत. चुकायची सोयच नव्हती.

मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला होता."

"मंदा, मी नाही पाठवली, ती यादी—"

"हात तुमचाच होता ना?"

रतिलाल म्हणाले, फोनवरच सांगून टाका, कॉम्प्युटरची चूक झाली म्हणून. रेल्वेत एवढ्या मोठ्या गोष्टी यंत्रावर ढकलतात, ही तर एक फाइल. मला ते पटलंही होतं. पण फोन हातात घेतला आणि लावता येईना. मी पिशवी घेतली आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलो. एरंडोलपर्यंत मी सगळा दोष लिनक्सवर ठेवला. पारोळ्यापर्यंत रतिलालांवर. धुळं आलं तेव्हा कोणीच उरलं नव्हतं. तिने चार वर्षांत माझ्याशी हळूहळू पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. आधी फक्त आईशी, मग 'बाबांना दे' इथवर. ते सगळं मी तीन ठिपक्यांत घालवलं होतं.

दिपमाला कॉलेजमधून नुकतीच आली होती. मला दारात बघून तिने पाणी दिलं. मी पाणी हातात धरूनच उभा राहिलो.

"दिपा, तुझा कागद गेला. सोनगीरला. मी पाठवला." एवढं एका श्वासात म्हणून टाकलं. कॉम्प्युटरचं नाव घेतलं नाही. घ्यायचं होतं, पण तोंडातून निघालंच नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बसा आधी."

"तो आला होता ना? काय बोलला? काही वावगं बोलला का?"

"परत द्यायला आला होता."

"काय?"

तिने टेबलावरच्या पुस्तकाखालून एक कागद काढला. तिचाच बायोडेटा, छापलेला, चार घड्या घातलेला. "म्हणाला, मेसेजमध्ये चाळीसगाव लिहिलंय आणि कागद जळगावचा आहे, म्हणजे चुकून आला असावा. आणि मला विचारून पाठवलेला दिसत नाही. त्याचा स्वतःचा कागद पाच वर्षं असाच कुठे कुठे फिरतोय म्हणे, तर त्याला माहीत आहे कसं वाटतं ते. मोबाइलमधून काढून टाकलाय म्हणाला, आणि वडिलांनी छापलेली ही प्रत माझ्या हातात द्यायला आला."

"मग?"

"मग काय. एवढा उन्हाचा आला होता. चहा केला."

"मग?"

"बाबा."

मी गप्प बसलो. बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला अशा जागी गप्प बसणं किती अवघड जातं, ते बाकीच्यांना कळायचं नाही.

ती कागदाच्या घड्या उलगडत राहिली. मग म्हणाली, "चूक कशी झाली?" मी सांगितलं, मांडव, बाजू, बाराखडी, तीन ठिपके, दोन तोताराम. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे फाइलला माझं नाव नव्हतंच."

"पद्धत असते बेटा. वडिलांचं नाव, गाव—"

"हो. या कागदावरही आधी तुमचं नाव आहे, मग गाव, मग मामांचं कुळ. मी चौथ्या ओळीत आहे." ती चिडून बोलत नव्हती. त्यामुळेच मला जास्त लागलं. चार वर्षं मी रोज सकाळी ज्या फाइलीला बघून कामाला लागायचो, तिच्यावर माझंच नाव होतं. आपलंच नाव बघत होतो मी!

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फाइलीचंही चुकलं आणि कागदाचंही."

"ती काढून टाका बाबा. कोपऱ्यातूनसुद्धा."

मी मान हलवली. मग ग्लासातलं पाणी प्यालो. मी निघताना ती म्हणाली, "आणि दोनशे चौदा लोकांना एकाच वेळी उघड्यावर बसवायची ती पद्धत परत हवी असेल ना, तर येते मी शनिवारी. एक जोड, म्हणजे एक्स्टेंशन, घातला की आयकॉन परत दिसतात. दहा मिनिटांचं काम आहे. मला फोन केला असता तर?"

शनिवारी ती आली. दहा मिनिटं नाही, सात लागली. निळ्या डोंगरावर सगळी मंडळी एकदम अवतरली, पण अस्ताव्यस्त, पंगत उठल्यासारखी. "सांगा, कोण कुठे होतं," ती म्हणाली. मी म्हणालो, मला नाही आठवत, पंधरा दिवस तेच करतोय. "यादी बघून नका आठवू. इथे जागेवर बघा." मी त्या रिकाम्या डावीकडे बघितलं, उंदीर, म्हणजे माउस, हातात घेतला, आणि हात आपोआप चालू लागला! पहिली ओळ, दुसरी ओळ, पाचव्या ओळीत चाळीसगावचे तोताराम. धुरपदाबाईंचा दीपक मध्ये, पिंप्राळ्याच्या मुलीला चिकटून. सगळ्या एकतीस जोड्या, अंतरासकट. यावेळी दिपमालाने प्रत्येक फाइलीच्या नावात ज्याचं त्याचं नाव आधी घालायला लावलं, वडील नंतर. मी कुरकुरलो. पण घातलं. धुरपदाबाईंना खरं काय ते सांगून टाकलं, आणि त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दीपकचं परत जमलं.

शेवटी दोन फाइली उरल्या. एक नवलची. ती मी कचऱ्याच्या डब्याकडे न्यायला लागलो, मग थांबलो, मग मध्ये आणली, मग दिपमालाकडे बघितलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. मंदाने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. गॅलरीतून हसण्याचा आवाज आला, आणि देवाशपथ सांगतो, मी कान दिला नाही. थोडासा दिला. 'सोनगीरच्या किल्ल्यावर नको, ऊन फार असतं' एवढंच ऐकू आलं.

नवलची फाइल मी जिथे होती तिथेच सोडून दिली. त्या मुलाचं काय करायचं हे ठरवणं आता माझ्याकडे राहिलं नव्हतं.

मग दुसरी. 'तोताराम (घरचे)'. तिचं नाव मी बदललं नव्हतं, काढूनच टाकायची होती. बाण तिच्यावर नेला आणि काढायचं बटण दाबलं. जुनं लिनक्स विचारायचं, 'खात्री आहे का?' आणि मग आपल्याला विचार करायला वेळ मिळायचा. हे नवं विचारत नाही. टाकून मोकळं होतं, आणि खाली एक लहानशी पट्टी दाखवतं, 'पूर्ववत करा'. ती पट्टी थोडा वेळच थांबते.

हात उंदरावर होता. मंदा माझ्या खांद्यामागे उभी होती, तिनेही ती पट्टी वाचली. आम्ही दोघांनी काही केलं नाही. पट्टी आपली आपण गेली.

गॅलरीतून आल्यावर दिपमालाने विचारलं, "बाबा, त्या कोपऱ्यात गेलं की सगळं पळतं, तेही बंद करून देऊ का?"

"राहू दे," मी म्हणालो.

मेळावा झाला. पुस्तिका छापली, तीत दिपमाला नाही. बन्सीलालांचा रोज फोन येतो, 'भाऊ, काही समजनं का?' आणि मी रोज खरं तेच सांगतो की मला काही माहीत नाही. त्यांचा विश्वास बसत नाही. सकाळी कॉम्प्युटर लावतो, हात टिकलीखाली जातो, आणि डोंगरासकट सगळं मागे पळतं. मी जरा थांबतो, बाण खाली आणतो, आणि मग भुसावळला फोन लावतो.